कारखान्याचं डोमेन दुसऱ्याच्या खात्यात आहे, ते मागायचं कसं?

"सप्रेम नमस्कार. साखर पेठेत आमचं टॉवेल आणि चादरीचं छोटं उत्पादन आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी आणि माझे यजमान बघतो. २०१४ साली नणंदेच्या मुलाच्या एका मित्राने आम्हाला वेबसाइट करून दिली. डॉट कॉमचं नाव त्यानेच घेतलं, स्वतःच्या खात्यात. तेव्हा तो कॉलेजात होता, आता पुण्यात नोकरीला आहे. मला मामी म्हणतो, सासऱ्यांना आजोबा. दरवर्षी पैसे तोच भरतो, आम्हाला आठवलं तर आम्ही देतो. बाहेरगावच्या पार्ट्या याच नावाच्या ईमेलवर ऑर्डरी पाठवतात. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मुदत संपतेय. एक कंपनी म्हणते, आमच्याकडे ट्रान्सफर करा, स्वस्त पडेल. सासरे म्हणतात, मागितलं तर पोराला वाटेल की आपला विश्वास उडाला. साइट बंद पडेल का, मेल जातील का, याचीही धास्ती वाटते. आधी काय करू?"
एक वाचक भगिनी, सोलापूर

ताई, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. 'आधी काय करू' याचंच उत्तर आधी देतो, कारण डिसेंबर लागलाय आणि तुमच्या हातात साधारण ४५ दिवस आहेत. आधी त्या मुलाला फोन करा. कंपनी निवडणं, पैसे भरणं, कोड, कुलूप हे सगळं त्यानंतर. आणि तो फोन सासऱ्यांनी स्वतः करावा असं मला मनापासून वाटतं.

त्यांची भीती खोटी नाही. घरच्या पोराने केलेलं काम आपण कधी कागदावर आणत नाही, आणि आणायची वेळ आली की दोन्हीकडच्यांना अवघडल्यासारखं होतं. पण जरा त्या मुलाच्या जागी उभं राहून बघा. दहा वर्षांहून जास्त काळ तुमच्या कारखान्याचं नाव त्याच्या कार्डावर आणि त्याच्या इनबॉक्सवर टांगलेलं आहे. त्याचं कार्ड बदललं, कॉलेजातला ईमेल बंद पडला, कंपनीने परदेशी पाठवलं, नाहीतर स्वतःच्याच लग्नाच्या गडबडीत एक आठवणीचा मेल बघायचा राहिला, तर तुमच्या ऑर्डरी थांबणार आणि बोल त्याला लागणार. चार पैसे न घेता त्याने हे सांभाळलं. ते ओझं आजोबांनी आपणहून उतरवून घेतलं तर त्याला वाईट वाटणार नाही, सुटल्यासारखं वाटेल. तुम्ही किंवा यजमानांनी फोन केलात तर त्याला वाटू शकतं की घरात काहीतरी बोलणं झालंय. आजोबांचा फोन आला तर तसं वाटायचं कारणच उरत नाही.

फोन झाला की त्याच दिवशी तुम्ही एक लेखी निरोप पाठवा, म्हणजे काय हवंय ते त्याला नेमकं कळेल. असं काहीतरी: 'अरे, मामी बोलतेय. आजोबांचं आणि तुझं बोलणं झालंच आहे. बिल फर्मच्या नावावर हवं आणि दरवर्षीचा भार तुझ्यावर नको, म्हणून डोमेन आमच्या खात्यात घेतोय. येत्या रविवारी अर्धा तास व्हिडिओ कॉलवर बसशील का? तोपर्यंत खात्यातलं काहीही बदलू नकोस, ईमेलसुद्धा नको. आजवर तू भरलेल्या पैशांचा हिशेब सांग, आजच पाठवते. संक्रांतीला गावी आलास की हुरड्याला यायचंच.' पैशांचं वाक्य गाळू नका. 'राहू द्या मामी' असं तो म्हणेल, तरी पाठवा.

त्या निरोपात 'ईमेलसुद्धा बदलू नकोस' असं मी मुद्दाम घातलंय. या सगळ्या कामात सर्वांत जास्त लोक जिथे अडकतात ती जागा हीच आहे. आपल्याला वाटतं, आधी नाव आणि ईमेल आपलं करून घ्यावं आणि मग निवांत ट्रान्सफर करावं. घर घेताना आधी उताऱ्यावर नाव चढतं, तसं. डॉट कॉमच्या बाबतीत हा क्रम उलटा पडतो. आयकॅन ही संस्था या सगळ्या नावांचे नियम ठरवते, आणि तिच्या नियमाप्रमाणे नोंदणीदाराचं नाव, संस्थेचं नाव किंवा ईमेल यांपैकी काहीही बदललं की डोमेनला ६० दिवसांचं कुलूप लागतं. तेवढे दिवस ते दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. खातं चोरून कोणी नाव पळवू नये, म्हणून हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण तुमच्या बाबतीत आज ईमेल बदलला तर कुलूप फेब्रुवारीत उघडणार, आणि मुदत तर जानेवारीत, ऐन गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत संपणार. काही कंपन्या बदल करतानाच 'हे कुलूप नको' असा पर्याय देतात, पण तो बदल करण्याआधी निवडावा लागतो, मागाहून नाही. त्यापेक्षा तुम्ही सरळ आधी ट्रान्सफर करा आणि मालकाचं नाव नव्या कंपनीकडे गेल्यावर बदला. तिथेही ६० दिवसांचं कुलूप लागेल, पण तेव्हा तुम्हाला कुठे जायचंच नसेल.

आता साइट आणि मेल बंद पडतील का, याबद्दल.

वेबसाइट म्हणून आपण जे एक समजतो, त्यात तीन वेगळ्या वस्तू असतात. एक नाव, म्हणजे डोमेन. दुसरी जागा, जिथे तुमच्या टॉवेलांचे फोटो आणि मजकूर ठेवलेला आहे, म्हणजे होस्टिंग. तिसरी टपाल, म्हणजे ईमेलची सेवा. त्या मुलाने तिन्ही एकाच कंपनीकडून एकाच बिलात घेतलेल्या असू शकतात, म्हणून त्या एकच वाटतात. डॉट कॉमच्या सगळ्या नावांची मूळ वही व्हेरिसाइन या अमेरिकी कंपनीकडे असते. त्या वहीत आपली नोंद करून देणारी कंपनी म्हणजे रजिस्ट्रार. ट्रान्सफर म्हणजे फक्त हा रजिस्ट्रार बदलणं. साइटचे फोटो जागचे हलत नाहीत, मेल हलत नाहीत.

मग मेल बंद पडतात ते का? तर या तिन्हींना जोडणारी एक चौथी गोष्ट असते, डीएनएसच्या नोंदी. या नावाची साइट अमुक पत्त्यावर आहे, या नावाची टपाल अमुक ठिकाणी द्यायची, अशा त्या ओळी. त्या ज्या यंत्रांवर ठेवलेल्या असतात त्यांना नेमसर्व्हर म्हणतात, आणि पुष्कळदा हे नेमसर्व्हर जुन्या रजिस्ट्रारनेच फुकट दिलेले असतात. नाव त्यांच्याकडून गेलं की ते या नोंदी ठेवतीलच असं नाही.

हे मी अनुभवाने सांगतोय. आमच्या घरच्या छापखान्याचं डोमेन मी काही वर्षांपूर्वी हलवलं. तुळशीची लग्नं झाली होती, पत्रिकांची कामं सुरू झाली होती. पाचव्या दिवशी ट्रान्सफर पूर्ण झाल्याचा मेल आला आणि त्याच दुपारपासून येणारे मेल थांबले. मला कळलं दुसऱ्या दिवशी, कारण माझ्या फोनवर साइट जुन्या साठ्यातून दिसत होती आणि मी निर्धास्त होतो. बार्शीच्या एका पार्टीने पत्रिकेचा मजकूर तीनदा पाठवला, तिन्ही वेळा परत गेला, शेवटी त्यांनी दुसरीकडे छापून घेतली. वडील एक शब्द बोलले नाहीत. त्या संध्याकाळी मी मेल-सेवेच्या मदतपानावरून एमएक्सच्या, म्हणजे टपाल कुठे द्यायची ते सांगणाऱ्या नोंदी एकेक करून नव्या कंपनीच्या पडद्यावर भरल्या: आधी अग्रक्रमाचा आकडा, मग तो लांबलचक पत्ता, मग सेव्ह. पाच ओळी होत्या. त्या पाच ओळी आठवडाभर आधी भरल्या असत्या तर एकही मेल परत गेला नसता.

तुमच्या लूमवर बीम संपत आला की काय करतात ते तुम्हाला मी सांगायला नको. जुना ताणा कापून टाकून नवा बीम कोणी चढवत नाही. फणीतून ओवलेली जुनी टोकं तशीच ठेवून एकेका टोकाला नव्या बीमाचा धागा गाठतात आणि मगच पुढे ओढतात. इथेही तेच करायचं. रविवारच्या कॉलवर त्या मुलाला डीएनएसचं पान उघडायला सांगा आणि त्याचे फोटो काढून घ्या, प्रत्येक ओळीचे. ए, सीनेम, एमएक्स आणि टीएक्सटी अशी नावं दिसतील. टीएक्सटीच्या ओळी लांब आणि अगम्य असतात, म्हणून लोक त्या सोडून देतात. तुमचा मेल खरोखर तुमचाच आहे हे समोरच्याला त्यांवरूनच कळतं. त्या राहिल्या तर तुमची कोटेशन्स पार्टीच्या स्पॅममध्ये जाऊन पडतील आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

फोटो काढल्यावर बघा की नेमसर्व्हर कोणाचे आहेत. जुन्या रजिस्ट्रारचे नसून वेगळ्या होस्टिंग कंपनीचे असतील तर उत्तम, ट्रान्सफरमध्ये ते जसेच्या तसे पुढे जातात आणि तुम्हाला काही करायचं नाही. रजिस्ट्रारचेच असतील तर आधी नव्या ठिकाणी सगळ्या नोंदी भरून घ्या, मग नेमसर्व्हर बदला, मग दोन दिवस थांबा. दोन दिवस अशासाठी, की डॉट कॉमच्या वहीतली नेमसर्व्हरची माहिती जगभरची यंत्रं ४८ तासांपर्यंत जपून ठेवू शकतात. त्या काळात काहीजण जुन्या नोंदी वाचतील, काहीजण नव्या, दोन्हीकडे मजकूर सारखाच असला की कोणाला फरक कळत नाही. या नोंदी खऱ्या आहेत याची जणू सही-शिक्क्याने खात्री देणारी डीएनएससेक नावाची सोय चालू असेल तर ती मात्र नेमसर्व्हर बदलायच्या आधी बंद करायला सांगा आणि एक-दोन दिवस जाऊ द्या, नाहीतर सगळं बरोबर असूनही साइट उघडणार नाही.

एवढं झालं की खुद्द ट्रान्सफर हे सोपं काम आहे. त्याच्या खात्यात डोमेनपुढे एक कुलूप दिसेल, ते त्याने उघडायचं. मग 'ऑथ कोड' किंवा 'ईपीपी कोड' मागायचा. बहुतेक ठिकाणी तो लगेच पडद्यावर किंवा मेलवर येतो. खात्यातून मिळण्याची सोय नसेल तर मागितल्यापासून ५ दिवसांत तो दिलाच पाहिजे, असा आयकॅनचा नियम आहे. हा कोड म्हणजे तिजोरीची किल्ली आहे. तो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, फोनवर वाचून दाखवू नका. त्याने तुम्हाला एकटीला पाठवावा आणि तुम्ही कॉपी करून जसाच्या तसा नव्या कंपनीच्या चौकटीत टाकावा. हाताने उतरवलात तर शून्य आणि ओ, एक आणि लहान एल यांत हमखास घोळ होतो. कॉपी करताना शेवटी मोकळी जागा चिकटून आली तरी 'कोड चुकीचा' असंच दिसतं, तेवढं तपासा.

कोड स्वीकारला गेला की जुन्या कंपनीकडून त्या मुलाच्या ईमेलवर एक पत्र येईल: अमुक डोमेन आमच्याकडून जातंय, तुम्हाला मान्य आहे का? हे त्याला आधीच सांगून ठेवा. मान्य असल्याचं बटण असेल तर दाबायचं, म्हणजे काम लवकर होतं. काहीच केलं नाही तरी ५ दिवसांनी ट्रान्सफर आपोआप पुरं होतं. घाबरून 'रद्द करा' दाबलं तर मात्र सगळं पहिल्यापासून. नोकरीतल्या माणसाला असा अनोळखी मेल आला की तो फसवणूक समजून रद्द करण्याचा संभव खूप असतो.

जुनी कंपनी अडवेल का? फोनवर गोड बोलून थांबवायचा प्रयत्न करेल, पुढच्या वर्षाची सवलत देऊ म्हणेल. 'पुढच्या वर्षाचं रिन्यूअल भरा, मग सोडतो' असं म्हणण्याचा मात्र तिला अधिकार नाही, आयकॅनच्या नियमात ते स्पष्ट लिहिलंय. मागची बाकी असेल, मालकीचा वाद असेल, कोर्टाचा आदेश असेल, नोंदणी किंवा आधीचं ट्रान्सफर होऊन ६० दिवस झाले नसतील, अशी मोजकीच कारणं चालतात.

पैशांचं म्हणाल तर डॉट कॉमच्या ट्रान्सफरच्या फीमध्ये एक वर्षाची मुदतवाढ धरलेली असते. ती आताच्या तारखेच्या पुढे लागते, म्हणजे उरलेले दिवस बुडत नाहीत. त्यामुळे 'जानेवारीपर्यंत भरलंय, ते वसूल होऊ दे, मग बघू' असा विचार करू नका. त्या विचारानेच लोक शेवटच्या आठवड्यात पोचतात आणि अडकतात. डिसेंबरच्या २५ तारखेपर्यंत काम मार्गी लागलं नाही, तर मात्र ट्रान्सफरचा नाद तेवढ्यापुरता सोडा आणि त्या मुलाच्या खात्यातूनच एक वर्ष वाढवून घ्या. मुदतीच्या आत वाढवलेलं वर्ष नंतरच्या ट्रान्सफरमध्ये वाया जात नाही, पुढचं वर्ष त्याच्यावर चढतं. थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील, नाव शाबूत राहील.

मुदत उलटून गेली तर नाव लगेच दुसऱ्याला जात नाही, हेही सांगतो, म्हणजे उगाच झोप उडायला नको. कंपनीकंपनीप्रमाणे काही दिवसांपासून ४५ दिवसांपर्यंत नेहमीच्या दरात भरता येतं, पण त्या काळात साइट आणि मेल बंद पडू शकतात. त्यानंतर ३० दिवस ते सोडवून घेता येतं, जबर दंड भरून. मग ५ दिवस कोणालाच हात लावता येत नाही आणि त्यानंतर ते जगात कोणालाही मोकळं होतं. ज्या नावावर वर्षानुवर्षं गिऱ्हाईक आलेलं असतं, त्यावर टपून बसलेले लोक असतात.

तुम्हाला फोन करणाऱ्या त्या कंपनीबद्दल. मी तिचं नाव विचारत नाही, पण चार गोष्टी तुम्ही तिला विचारा. पहिल्या वर्षाचा भाव सगळेच मोठ्या अक्षरात सांगतात, तुम्ही दुसऱ्या वर्षापासूनचा विचारा, जीएसटी धरून. बिल फर्मच्या जीएसटी क्रमांकावर मिळेल का? तुमचं नाव-पत्ता जगाला दिसू नये याची सोय फुकट आहे की वेगळे पैसे? आणि ती कंपनी स्वतः रजिस्ट्रार आहे की दुसऱ्या कोणाची एजंट? एजंट असण्यात वाईट काही नाही, आपल्या ओळखीतला माणूस असेल तर रात्री फोन उचलतो. पण खरा रजिस्ट्रार कोण हे माहीत असावं, म्हणजे एजंटने दुकान बंद केलं तरी जायचं कुठे ते कळतं. मोठं नाव बघून निश्चिंत राहू नका. गूगलनेही २०२३ मध्ये आपला डोमेनचा व्यवसाय स्क्वेअरस्पेसला विकायचं जाहीर केलं आणि लाखो गिऱ्हाइकांची डोमेन्स त्यांना न विचारता दुसऱ्या कंपनीच्या पदरात गेली. त्यातही ज्यांची खाती स्वतःच्या नावावर होती त्यांना नवीन ठिकाणी लॉगिन करण्यापलीकडे फारसं काही करावं लागलं नाही.

नाव तुमच्या खात्यात आलं की मगच मालकाच्या रकान्यात फर्मचं नाव घाला. संस्थेच्या रकान्यात फर्मचं पूर्ण नाव, जीएसटीच्या दाखल्यावर आहे तसंच, अक्षर न अक्षर. संपर्काचा ईमेल मात्र याच डोमेनवरचा देऊ नका. घराची किल्ली घरात ठेवून कुलूप लावल्यासारखं होतं ते: डोमेन अडकलं की मेल बंद, आणि मेल बंद म्हणून डोमेन सोडवता येत नाही. साधा जीमेलचा पत्ता घ्या, तुम्हा दोघांच्याही फोनवर उघडणारा. हा ईमेल बदलल्यावर पडताळणीचा एक मेल येतो, त्यातली लिंक १५ दिवसांत दाबायची असते. ती राहिली तर चालू साइट बंद केली जाते. इतकं सगळं नीट करून लोक या एका मेलपायी अडकलेले मी पाहिलेत, म्हणून तो आला का ते स्पॅममध्येही बघा. मग दोन टप्प्यांचं लॉगिन आणि आपोआप नूतनीकरण चालू करून टाका.

होस्टिंग आणि मेलची जुनी सेवा आता आहे तिथेच राहू द्या. एकाच महिन्यात सगळं हलवायची हौस नको. त्या मुलाकडून साइटची एक पूर्ण प्रत पेन ड्राइव्हवर मागून घ्या आणि होस्टिंगची मुदत कधी संपते ती तारीख वेगळी लिहून ठेवा. ती तारीख डोमेनच्या तारखेहून निराळी असू शकते.

आता नको तो विचारही करून ठेवू. समजा मुलाने फोन उचलला, हो म्हणाला, आणि मग कामाच्या धबडग्यात तीन आठवडे गेले. त्याच्यावर रागावू नका, नणंदेच्या मुलाला त्याच्याकडे जाऊन बसायला सांगा. अर्ध्या तासाचं काम आहे. समजा त्याला त्याच्या खात्याचा पासवर्डच आठवत नाही आणि तो जुना ईमेलही बंद आहे. मग रजिस्ट्रारकडे त्यालाच ओळखीचे कागद देऊन खातं उघडून घ्यावं लागेल, तुमच्या अर्जाला तिथे फारशी किंमत नाही, कारण त्यांच्या लेखी खातेदार तो आहे. तक्रारीची वाट आहे, पण ती मुद्दाम नाव बळकावणाऱ्यांसाठी आहे. जिनिव्हाच्या वायपो या संस्थेकडे अशा दाव्याची फी एका पंचासाठी १,५०० डॉलरपासून सुरू होते. शिवाय नावावर आपला ट्रेडमार्कसारखा हक्क आणि समोरच्याचा वाईट हेतू, दोन्ही सिद्ध करावे लागतात. ज्या मुलाला तुम्ही हुरड्याला बोलावणार, त्याच्यावर असा दावा कोण करेल! म्हणून म्हणतो, आजोबांचा फोन हाच सर्वांत भक्कम मार्ग आहे.

जाता जाता आणखी दोन गोष्टी. याच नावाचं डॉट इन कोणी घेतलेलं नसेल तर घेऊन ठेवा. त्याचा कारभार आपल्याकडच्या निक्सी या संस्थेकडे आहे आणि खर्च फार नाही. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, पण ते अख्ख्या गावाच्या मालाचं. तुमच्या फर्मचं नाव तुम्हालाच जपायचंय. आणि मुदतीच्या सुमाराला 'तुमचं डोमेन संपतंय, आजच भरा' असे मेल आणि फोन येऊ लागतील. त्यांतले पुष्कळसे भलत्याच कंपन्यांचे असतात. खरी तारीख आणि खरा रजिस्ट्रार बघायचा तर आयकॅनच्या लुकअप पानावर आपलं डोमेन टाका. पैसे लागत नाहीत, लॉगिन लागत नाही. मालकाचं नाव तिथे बहुधा झाकलेलं असेल, पण रजिस्ट्रारचं नाव, मुदतीची तारीख, नेमसर्व्हर आणि कुलपाची स्थिती दिसते. हे आज रात्रीच बघा आणि तारीख कारखान्यातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा, म्हणजे सासऱ्यांनाही दिसेल.

रविवारी कॉलवर कुठे अडलात तर पडद्यावर जो इंग्रजी शब्द दिसतो तो जसाच्या तसा मला लिहून पाठवा. पासवर्ड आणि कोड मात्र पाठवू नका, मलाही नको.